जनावराची पाठ धरली तर? कायरोप्रॅक्टिक आणि मणक्याच्या उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. सकाळी दवाखान्यात सोसायट्यांमधली कुत्री-मांजरं येतात, दुपारनंतर गोठे आणि तबेले असतात. घोड्याची मान फिरवून ‘टक्’ आवाज काढणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले, तेव्हापासून दोन्हीकडे एकच विचारणा होते: “डॉक्टर, आमच्या जनावराचा मणकाही असा बसवता येईल का?” फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय?

एका ठरावीक सांध्यावर, ठरावीक दिशेनं, हातानं दिलेला छोटा पण झटपट दाब. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये माणसांवर ही पद्धत सुरू केली. मणका जागचा सरकतो, मज्जातंतू दाबले जातात आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आजच्या वैद्यकशास्त्रात हे म्हणणं टिकलेलं नाही. टिकलं ते एवढंच, की आखडलेला सांधा नीट हलवला तर भोवतालचे स्नायू सैलावतात आणि दुखणं काही काळ कमी होतं.

प्राण्यांसाठी या पद्धतीचं रीतसर शिक्षण शॅरन विलोबी यांच्यामुळे उभं राहिलं. त्या पशुवैद्यही होत्या आणि कायरोप्रॅक्टरही. प्राण्यांवर काम करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांची अमेरिकी संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली.

मालिश, फिजिओथेरपी आणि हे, सगळं एकच का?

नाही. मालिश स्नायूंचं असतं. फिजिओथेरपीत व्यायाम, शेक, पाण्यात चालवणं, तोल सावरायला शिकवणं असं बरंच काही येतं. कायरोप्रॅक्टिक फक्त सांध्याला झटका देतं. आपल्याकडच्या बहुतेक प्राण्यांना पहिल्या दोन गोष्टींचा जास्त उपयोग होतो आणि त्यांत धोकाही कमी असतो.

‘टक्’ आवाज आला म्हणजे मणका बसला ना?

तो आवाज हाडाचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम बदलतो आणि त्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणून गुण येतो असं नाही आणि नाही आला म्हणून काही बिघडतही नाही. घोड्याचं वजन चारपाचशे किलो असतं आणि त्याच्या पाठीवर जाड स्नायू असतात. खरोखर निखळलेला मणका कुणी तळहातानं परत बसवेल, हे शक्य नाही. मणका खरंच निखळला असेल तर त्या जनावराला बहुधा ऑपरेशन लागतं.

मग उपयोग होतो की नाही?

घोड्यांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांत असं दिसलं, की उपचारानंतर पाठीवर दाब दिल्यावर घोडा पूर्वीपेक्षा जास्त दाब सहन करतो आणि पाठ थोडी जास्त लवते. अमेरिकेतल्या कोलोराडोचे पशुवैद्य केव्हिन हॉस्लर यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. कुत्र्यांबाबत पुरावा याहून तोकडा आहे. बैलांबाबत तर जवळजवळ नाहीच. म्हणून मी याला पूरक उपचार म्हणतो, आणि तोही निदान झाल्यानंतरचा. रोग बरा करतो, प्रतिकारशक्ती वाढवतो, आकडी थांबवतो असा दावा कुणी केला तर तिथून उठून या.

आमचा डॅशहंड काल खेळत होता, आज मागचे पाय ओढतो. मणका बसवून घेऊ?

कृपा करून नको. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे उत्तर वाचा.

लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली गादी लहान वयातच कडक होऊ लागते. तीन ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी उडी मारताना, कधी नुसतं वळताना, ती फुटून मज्जारज्जूवर येते. सगळ्यात जास्त वेळा हे छाती आणि कमर जिथे जुळतात तिथे होतं. त्याच्या पुढच्या भागात फासळ्यांना जोडणारा एक आडवा पट्टा गादी धरून ठेवतो, म्हणून तिथे हे सहसा होत नाही. गादी आधीच बाहेर आलेली असताना वरून झटका दिला, तर उरलासुरला भागही आत ढकलला जाऊ शकतो. चालत आलेला कुत्रा चादरीत उचलून न्यावा लागतो.

मग करायचं काय? त्याला उचला. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबून बघतील. पाय नुसता मागे ओढला जातो की कुत्रा वळून बघतो, ओरडतो, हे त्यांना पाहायचं असतं. ही खोल वेदना जाणवत असेल तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर लवकर ऑपरेशन करूनही ही शक्यता निम्म्याच्या आसपास येते, आणि जितका उशीर तितकी कमी होते.

पाय चालताहेत, फक्त दुखतंय किंवा चाल डुगडुगते आहे, अशा कुत्र्याला चार आठवडे बंदिस्त विश्रांती देतात. शी-शूला पट्टा लावून बाहेर, लगेच परत आत. घरातल्यांना हे फार जड जातं. आठव्या दिवशी कुत्रा बरा दिसतो, आजी म्हणते “सोडा रे बिचाऱ्याला”, तो सोफ्यावर उडी मारतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मी अशा घरी आजींशी स्वतः फोनवर बोलतो.

आणखी एक. पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी तुंबते. अंथरूण ओलं दिसलं म्हणजे लघवी होते असं समजू नका. भरलेल्या पिशवीतूनही ती थेंब थेंब गळते. पोट दाबून लघवी कशी काढायची ते दवाखान्यातच शिकून घ्या.

मागचे पाय गेले म्हणजे दर वेळी मणकाच का?

नाही, म्हणूनच आधी निदान. गोचीड तापात कुत्रा सांधे धरतो, चालायला नको म्हणतो. डिस्टेंपर या आजारात पाय फडफडतात आणि मग लुळे पडतात. जर्मन शेफर्डच्या म्हातारपणी मज्जारज्जू हळूहळू झिजतो. त्यात दुखत नाही, नुसते पाय घासत जातात. रस्त्यावरचं कुत्रं पाय ओढतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदललेला आहे, तर तो रेबीज असू शकतो. रेबीज दर वेळी चावराच असतो असं नाही, गप्प पडून राहणाराही असतो. दया येते म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, पाठ चोळू नका. लाळ अंगाला, जखमेला लागली तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा.

मांजराचं काय?

मांजर अचानक किंचाळलं, मागचे पाय लुळे पडले आणि पंजे हाताला गार लागले, तर ती रक्ताची गुठळी असते. हृदयातून सुटते आणि कमरेपाशी धमनी दुभागते तिथे अडकते. एक मिनिटही दवडू नका. पडून मार लागलेल्या मांजराला फळीवर किंवा ट्रेमध्ये ठेवून आणा.

लॅब्रॅडॉर उठताना कण्हतो. वय नऊ.

बहुधा खुबे किंवा कमरेचे सांधे झिजले आहेत. एक्स-रे काढून खात्री करू. पण त्याआधी दोन गोष्टी मी घरी येऊन बघितल्यासारख्या सांगतो: फरशी गुळगुळीत आहे आणि वजन जास्त आहे.

आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सनी जितकी कुत्री लंगडी केली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं केली असतील. उठताना चारी पाय चार दिशांना जातात आणि ते सावरताना कंबर रोज थोडी थोडी ताणली जाते. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी चटई, रबरी मॅट, काहीही अंथरा. नखं कापा, पंज्यांच्या तळव्यांमधले केस कापा. पोळीचे तुकडे, पार्ले बिस्किटं, आमटीभात बंद. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. हे दोन महिने केलं की पुष्कळ कुत्र्यांना मालिशाचीही गरज उरत नाही. उरली तर सुती कापडानं कोमट शेक, दहा मिनिटं. कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

बैल एक पाय मागे ताठ धरतो, मग झटका देऊन सोडतो. लचक भरली आहे का?

बसून उठल्यावर पहिली काही पावलं असं होत असेल, खूर जमिनीवर घासत असेल आणि मग एकदम पाय वर येत असेल, तर गुडघ्याची वाटी वरच्या बाजूला अडकते आहे. हे पाठीचं दुखणं नाही. पाठ चोळून, पाय ओढून ते जाणार नाही. वाटीला आतून धरणारा दोरीसारखा बंध डॉक्टर भूल देऊन कापतात. काम थोडक्या वेळाचं असतं आणि बैल बहुधा तिथल्या तिथे सरळ चालू लागतो. माझ्या कामात इतक्या लवकर समाधान देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. त्याच बैलाच्या मांडीवर कित्येकदा तापल्या सळईनं आधी दिलेले तीन-चार डाग दिसतात, आणि ते बघून जीव तुटतो.

पण डाग दिल्यावर बैल चालायला लागतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

चालतो, कारण नव्या जखमेची आग जुन्या दुखण्याहून मोठी असते. शिवाय डाग दिल्यावर आठ-दहा दिवस जनावर कामाला जुंपत नाहीत. गुण येतो तो त्या विश्रांतीचा. विश्रांती द्या, तापलेली सळई नको. गावातल्या जाणत्या माणसाचा हात मला खोटा ठरवायचा नाही. सूज कुठे आहे, कुठला पाय आधी टेकतो, हे त्यांना चटकन कळतं, आणि मी त्यांच्याकडून शिकलोही आहे. फक्त लोखंड बाजूला ठेवा.

खांदेसूज वारंवार येते. मानेचा मणका दुखावला असेल?

मणका नसतो, जू असतं. दोन बैल उंचीला सारखे नाहीत, जुवाचं लाकूड खडबडीत आहे, पावसानं मान ओली आहे, किंवा गाडी नीट भरलेली नाही. गाडी पुढं जड झाली तर सगळं ओझं मानेवर बसतं. मागं जड होऊन उलाळ झाली तर जू वर उचलून गळ्याला काचतं. ऊसतोडीच्या हंगामात टायरगाड्यांना जुंपलेल्या बैलांच्या माना बघा. एकाच जागी कातडी जाड होते, मग तडकते, मग पाणी सुटतं.

सूज नवी असेल तर काम थांबवा. पहिल्या दिवशी गार पाण्याची धार, नंतर कोमट शेक. फुटली असेल तर माशा बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतात. जुनी, दगडासारखी गाठ झाली असेल तर ती ऑपरेशननंच जाते. आणि बैल बरा होईल तोवर जू तासून, घासून घ्या, काचतं तिथे मऊ गादी बांधा. तेच जू तसंच परत ठेवलं तर औषधाचा पैसा वाया गेला म्हणून समजा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळण करतो. हळद-तुपानं खांदे चोळायचे आणि कानात सांगायचं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” बैलाचं दुखणं कुठे असतं हे आपल्या वाडवडिलांना पक्कं ठाऊक होतं. तो हात वर्षातून एकदा न फिरवता रोज संध्याकाळी जू काढल्यावर पाच मिनिटं फिरवा. सूज, उष्णता, केस गेलेली जागा आपोआप हाताला लागेल.

खोंड अचानक लंगडू लागलं, मांडी सुजली आहे. चोळू का?

मांडी दाबल्यावर कातडीखाली चुरचुर आवाज येत असेल आणि ताप असेल तर तो फऱ्या आहे. काही तासांत जनावर जातं. डॉक्टरांना लगेच बोलवा. आज हा पाय, उद्या तो, अंगात ताप, जनावर आखडलेलं, असं असेल तर तिवा. त्यात विश्रांती आणि डॉक्टरी उपचार. तोंडात फोड आणि खुरांत जखमा असतील तर लाळ्या खुरकूत. यातल्या कशावरही चोळण्याचा उपयोग नाही.

गाय व्याली आणि बसली ती उठेना. कंबर गेली म्हणतात.

व्यायल्यावर एक-दोन दिवसांत बसलेल्या गाईचं कॅल्शियम उतरलेलं असतं, असं आधी समजा. मान पोटाकडे वळवून सुस्त बसते, कान गार पडतात. शिरेतून कॅल्शियम हळूहळू दिलं की थोड्या वेळात उठते. ते डॉक्टरांनीच द्यायचं, घाईनं दिलं तर हृदय थांबतं. वासरू मोठं होतं, ओढून काढावं लागलं, तर मांडीचे मज्जातंतू दबलेले असू शकतात. अशा गाईखाली जाड पेंढा घाला आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. एकाच कुशीवर राहिली तर खालचा पाय तिच्याच वजनानं मरतो. शेपटी पिरगाळून उठवू नका.

घोडा खोगीर घालू देत नाही, तंग आवळला की चावायला येतो.

बहुधा पाठ दुखते आहे. घोडा खोडकर झाला असं सगळे म्हणतात. तो सांगतोय, आपण ऐकत नाही.

घोड्याच्या छातीत अठरा मणके असतात आणि कमरेत सहा. स्वाराचं वजन येतं ते छातीच्या मागच्या मणक्यांवर. त्यांची वरची टोकं एकमेकांना घासू लागली की हाडाला हाड लागतं. एक्स-रेमध्ये ते दिसतं. पण त्याआधी खोगीर उलटं करून बघा. भराव एका बाजूला दबला आहे का? ठेवल्यावर मधून उजेड दिसतो का, की सरळ कण्यावर टेकतं? दौडीनंतर घामाच्या डागात कोरडी जागा राहिली असेल, किंवा केस पांढरे झाले असतील, तर तिथे काचतंय. नंतर खूर. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. खुराचा कोन बिघडला की घोटा, गुडघा, कंबर सगळं तिरकं चालतं. मग दात. लगामाशी लढणारा घोडा मान आणि पाठ दोन्ही आखडतो.

हे सगळं ठीक करून पाठ आखडलेलीच राहिली, तर शिकलेल्या हाताखाली घोड्याला खरंच बरं वाटतं. डोळे मिटतो, खालचा ओठ सोडतो, जांभई देतो. कायरोप्रॅक्टिकची जागा मला घोड्यांमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसते.

माथेरानच्या टट्टूंविषयी वेगळं सांगतो. घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर घेऊ नये, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तीनशे किलोच्या टट्टूला खोगिरासकट साठ किलो झाले. तुमचं वजन ऐंशी असेल तर चालत जा, रस्ता सुंदर आहे.

लग्नात मागच्या पायांवर नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांच्या कमरा आणि मागचे सांधे पुढे कायमचे जातात. त्यावर माझ्याकडे उपचार नाही.

आणि घोडा लाकडासारखा ताठ झाला, शेपटी उचललेली, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा वर आलेला, तर तो धनुर्वात आहे. खिळा कधी टोचला होता का, आठवा. अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. त्याला कुणी मालिश करायला लागलं तर प्रत्येक स्पर्शानं झटके येतील.

दुखण्यावर मेडिकलमधून इंजेक्शन आणून टोचलं तर?

दुखणं झाकलं की जनावर दुखऱ्या पायावरच काम करतं. आणि आणखी मोठं कारण आहे. डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवणारं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. आपल्या आकाशातली गिधाडं अशी संपली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर, आणि त्यानंतर निमेसुलाइडवर. माणसांची बाटली आणून जनावराला टोचणं हाही तोच गुन्हा. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, तेच मागा.

गाढवांवर कुणी काही सांगतच नाही.

खरं आहे. गाढव दुखणं दाखवत नाही, म्हणून ते दुखत नाही असं समजतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यानुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलो, टट्टूच्या ७०, खेचराच्या २००, याहून जास्त नको. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ नको. जेजुरीच्या बाजारात गाढव घेताना दात बघता, तसा पाठीवरून हातही फिरवा. कण्यावर जुना व्रण असलेलं गाढव घेतलंत तर ओझ्याखाली दुहेरी गोणपाटाची गादी द्या, मधे कण्यापुरती फट ठेवून.

शर्यतीच्या बैलांना पोहायला नेतो. चांगलं का?

चांगलंच. पाण्यात वजन हलकं होतं आणि स्नायू तयार होतात. उतार हळूहळू असलेलं पाणी निवडा. शर्यतीनंतर लगेच बसू देऊ नका, चालवून थंड करा. वीजेचा झटका, खिळे, दारू यातलं काही वापरत असाल तर माझ्याकडे पाठ दाखवायला येऊ नका, आधी ते बंद करा.

राखणीचा मॅलिनॉय कुत्रा जीपमध्ये उडी मारायला कचरतो.

कंबर आणि माकडहाड जुळतात तिथे मज्जातंतू दबत असतील. कामाच्या कुत्र्यांत हे पुष्कळ दिसतं. शेपटी लोंबते, उठताना वेळ लागतो. हट्ट समजून शिक्षा करू नका. तपासणी होईपर्यंत उड्या बंद, चढायला फळी.

हे उपचार कायद्यानं कोण करू शकतं?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार प्राण्यांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे असतात. फिजिओथेरपिस्ट किंवा मालिश करणारा माणूस त्याच्या देखरेखीखाली काम करू शकतो. प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टिकची वेगळी सरकारी पदवी आपल्याकडे नाही. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा हे विचारा: पशुवैद्य कोण आहे, एक्स-रे बघितला का, आणि हा उपचार कधी करायचा नाही हे तुम्हाला माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नावर जो थांबून नीट उत्तर देतो, तो कामाचा माणूस.

गावात डॉक्टर नसतील तर १९६२ या टोल-फ्री नंबरवर फोन करा, फिरतं पथक येतं. अवघड केस असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत न्या. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव तर मुंबईत कुणालाही विचारा.

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे कुत्र्याला कायरोप्रॅक्टरकडे सरळ नेता येईल?

तिथेही आधी पशुवैद्य. २०१५ च्या आदेशानुसार पशुवैद्यानं तपासून सांगितल्यावरच फिजिओथेरपी, ऑस्टिओपॅथी (हातानं सांधे-स्नायू हलवण्याची आणखी एक पद्धत) किंवा कायरोप्रॅक्टिक करता येतं. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत.

किती वेळा यावं लागेल?

तीन-चार वेळांत चालण्यात, उठण्यात, झोपेत फरक दिसला नाही तर मी थांबतो आणि निदान पुन्हा तपासतो. वर्षभराचं पॅकेज आधीच विकणाऱ्याकडे जाऊ नका.

येताना सोबत काय आणू?

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. दवाखान्यात आलं की जनावर घाबरून दुखणं लपवतं, म्हणून घरच्या जागेत काढा: मागून चालताना, बाजूनं चालताना, दोन्हीकडे वळताना आणि बसलेलं असताना उठताना. दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची रिकामी पाकिटं आणा, स्टेरॉइड असेल तर ते लपवू नका. कुत्र्याला उपाशी आणण्याची गरज आहे का ते आधी फोनवर विचारा. घोडा असेल तर खोगीर आणि त्याखालचा पट्टू तसाच, न धुता आणा. बैल असेल तर टेम्पोत जूही टाका.